सदाशिव पेठेत आपलेही पान

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाकडचे पाहुणे पुण्यात आले की त्यांना काय दाखवायचे, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी पडतो. मग ठरलेली यादी निघते. शनिवारवाडा, सारसबाग, कात्रजचा बाग, फुलेवाडा आणि स्टेशनजवळचा बाबासाहेबांचा पुतळा. दिवसभर पायपीट होते, पोरे दमतात, आणि दुपारी कुठल्या तरी झाडाखाली घरून आणलेली चपाती-भाजी सोडून सगळे बसतात. शहर पाहून झाले असे आपण म्हणतो. पण त्या शहरातली माणसे काय खातात, कोणाच्या शेजारी बसून खातात, हे पाहायचे राहूनच जाते.

आम्हाला विचाराल तर शहर ओळखायची सर्वांत स्वस्त आणि खात्रीची जागा म्हणजे तिथले हॉटेल, खानावळ आणि हातगाडी. म्हणून यंदा परभणीहून आमची अक्का आणि दाजी आले, तेव्हा आम्ही त्यांना सरळ सदाशिव पेठेत घेऊन गेलो. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, गेली दोन वर्षे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी याच पेठेत कॉट घेऊन राहतो. त्याला भेटायचे होतेच. त्या निमित्ताने दीड दिवस आम्ही पेठ चघळत हिंडलो.

सदाशिव पेठेचे नाव काढले की आपल्या लोकांच्या कपाळावर आठी चढते, आणि त्याला कारण आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेली ही पेठ पेशवाईपासून ब्राह्मणी पुण्याचे काळीज समजली गेली. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून फिरावे लागे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवून ठेवले आहे. थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून मडके आणि पाऊल उमटू नये म्हणून झाडू. त्याच रस्त्यांवर आज आमचा भाचा सकाळी सात वाजता पोह्याची बशी हातात धरून चालू घडामोडींवर वाद घालत उभा असतो. मधल्या काळात काय काय घडले, हे पाहायला या पेठेत पाय ठेवावाच लागतो.

सुरुवात चहापासून करू. पुण्यात चहाचा इतिहास मोठा मजेशीर आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर मिशनऱ्यांनी आलेल्या पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळ कृष्ण गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता पुढे ओढून ठेवला. गोपाळराव जोशी नावाच्या खोडकर गृहस्थांनी हजर असणाऱ्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात भडका उडाला. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा प्यायले म्हणून या मंडळींवर ग्रामण्य आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांना प्रायश्चित्ताचा विषय निस्तरावा लागला, रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले. एका कपासाठी देशाचे पुढारी असे अडकले होते! जे लोक स्वतःच्या बरोबरीच्या माणसांना एका चहासाठी वाळीत टाकायला निघाले, ते आपल्या आज्या-पणज्यांना काय वागवत असतील ते सांगायला नको.

मात्र त्याआधी बावीस वर्षे, १८६८ साली, याच शहरात गंज पेठेत महात्मा फुल्यांनी स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पंचहौदाची गोष्ट सांगताना ही दुसऱ्या हौदाची गोष्टही मुलांना सांगत जा.

पुढे पुणेकरांनी चहाची अडचण आपल्या पद्धतीने सोडवली. १९२०-३० च्या दशकापासून राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पुण्यात 'अमृततुल्य' नावाची चहाची दुकाने थाटली. धोतर नेसलेला मालक ओट्यावर मांडी घालून बसलेला, पुढ्यात लखलखीत पितळेचे पातेले, बाजूला भसाभसा आवाज करणारा स्टोव्ह, खलात कुटलेली वेलची आणि फडक्याने गाळलेला दाट गोड चहा. चहा करणारा ब्राह्मण असल्याने पिणाऱ्याची जात जात नव्हती, आणि ही दुकाने चालण्यात या गोष्टीचा वाटा असणार असे आमचे मत आहे. आज त्याच अमृततुल्यात कोणी कोणाला काही विचारत नाही. पेठेत अशी दुकाने कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत. आम्ही सकाळी शिरलो तेव्हा बाकावर एका बाजूला पेन्शनर आजोबा पेपर वाचत होते, दुसऱ्या बाजूला महापालिकेच्या झाडूवाल्या दोन बायका बशीत ओतून चहा पीत होत्या. कप सगळ्यांना सारखेच.

कपाचे एवढे काय कौतुक, असे नव्या पिढीला वाटेल. अक्काला तसे वाटले नाही. आमच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी कान तुटलेला कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. चहा वरून ओतला जाई, पिऊन झाल्यावर आपणच तो विसळून परत खोचायचा. पैसे मात्र पूर्ण. अक्का तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, तिला ते चांगले आठवते. म्हणूनच की काय, हॉटेलात शिरायचे म्हटले की ती आजही दारात थबकते. "मला नको बाई तिथं. बांधलेली भाकर आहे की आपली," हे तिचे पहिले वाक्य. पन्नाशी उलटली, मुलगा पदवीधर झाला, तरी तो उंबरा तिच्या पायातून निघत नाही. अशा कितीतरी अक्का आपल्या घरोघरी आहेत. हॉटेलचा खर्च परवडत नाही असे त्या सांगतात, आणि ते खरेही असते, पण दरवेळी तेवढेच कारण नसते.

पेठेतल्या जुन्या खाण्याच्या जागांची नावे वाचण्यासारखी आहेत. बोर्डिंग, लॉज, विश्रांतीगृह, उपाहारगृह, खानावळ, भुवन. बाहेरगावाहून शिक्षणाला आणि नोकरीला आलेल्या एकट्या पुरुषांना जेवू घालण्यासाठी ही घरे उभी राहिली. पेरूगेटाजवळचे पूना बोर्डिंग हाऊस, टिळक रस्त्यावरचे बादशाही बोर्डिंग ही त्यातली नावाजलेली. आजही तिथे ताट येते ते जुन्या रीतीचे. वर मीठ आणि लिंबाची फोड, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मध्ये गरम पोळी आणि शेवटी भात. ताटाची डावी-उजवी बाजू हे इथले शास्त्र. आमच्या दाजींनी मीठ उजवीकडे ओढले, तसे वाढप्याने हसून ते परत जागेवर ठेवले. जेवण साधे, तेलकट नाही, आमटीत गूळ. दाजींना ती आमटी गोड लागली आणि त्यांनी खिशातून हिरवी मिरची काढली. मराठवाड्याचा माणूस मिरचीशिवाय प्रवासाला निघत नाही.

आता गंमत पाहा. याच पेठेत मटणाच्या जेवणाच्या जुन्या जागा आहेत, त्यांच्या पाटीवर 'मराठा खानावळ' असे लिहिलेले असते. पेरूगेटाच्या बाजूची आवारे यांची खानावळ त्यातलीच एक, आणि तिथल्या मटणाच्या ताटाला जुने पुणेकर नावाजतात. म्हणजे पुण्यात एकेकाळी 'ब्राह्मणी' म्हटले की वरण-भात आणि 'मराठा' म्हटले की मटण-भाकरी, असे जातीच्या नावानेच जेवण ओळखले जाई. पाटीवरची जात हेच मेन्यूकार्ड! इराण्याची हॉटेले तेवढी याला अपवाद. डेक्कनवरचे कॅफे गुडलक १९३५ पासून चालू आहे. इराण्याला ना ब्राह्मणाचे सोवळे होते ना मराठ्याची पंगत. पैसे टाका, संगमरवरी टेबलावर बसा आणि बन-मस्का खा. शहरात नव्याने आलेल्या आपल्या कितीतरी तरुणांनी आयुष्यातला पहिला बरोबरीचा चहा इराण्याकडे घेतला असेल.

ब्राह्मणी ताट पाटीवर आले, मराठा ताट आले, उडप्याचा डोसा आला, पंजाबी आले, चिनी गाडी आली. आपले ताट मात्र कुठल्याच पाटीवर नाही. येसर घातलेले कालवण, डुबुक वड्या, हुलग्याचे माडगे, वजडी, सुकट-बोंबलाची चटणी, तांदुळजा, चिघळ, घोळ या रानभाज्या. हे सगळे पुण्यात शिजते, पण ते वस्तीत, आपल्या घरात, दार लोटून. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने २००९ साली 'इजन्ट धिस प्लेट इंडियन' नावाचे एक पुस्तक काढले. दलित बायकांनी सांगितलेल्या खाण्याच्या आठवणी आणि कृती त्यात आहेत. हे ताट भारतीय नाही काय, असा सवाल त्या नावातच आहे. प्रा. शर्मिला रेगे या त्या कामाच्या मार्गदर्शक होत्या. पुढे २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले, त्यात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचे खाणे नावानिशी लिहिले आहे. २०२४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. आपल्या घरच्या लेकी-सुनांनी ही पुस्तके वाचनालयातून जरूर आणावीत. त्यातले काही पदार्थ गरिबीतून आणि लाचारीतून आलेले आहेत, हेही लपवू नये. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले आणि आपल्या लोकांनी ते ऐकले. पण हुलग्याच्या माडग्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

महाडचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेचे लोक मंडपात जेवायला बसले होते, तेव्हा सवर्णांच्या जमावाने हल्ला केला. माणसांना मारलेच, पण शिजवलेले अन्नही मातीत तुडवले. पाण्याची लढाई म्हणून आपण महाड ओळखतो. ती पानाचीही लढाई होती.

महाराष्ट्रात आपल्या माणसाचे हॉटेल याआधीच कोल्हापुरात निघाले होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठा नोकरांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना कळले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. त्यांनी भर रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले, नाव ठेवले 'सत्यसुधारक'. महाराच्या हॉटेलात कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे थांबू लागले. आपण चहा घ्यायचा आणि बरोबरच्या सरदारांना, कामानिमित्त मागे लागलेल्या सवर्णांना तोच चहा पाजायचा! राजाच्या हातातला कप पाहून नाही म्हणण्याची कोणाची छाती होती? पुण्याच्या पंचहौदाच्या चहापुढे हा कोल्हापूरचा चहा ठेवून पाहा.

पुण्यातही आपली माणसे स्वस्थ बसलेली नव्हती. 'सोमवंशीय मित्र' हे पत्र १९०८ साली काढणारे शिवराम जानबा कांबळे लष्करातल्या मॅसोनिक हॉलमध्ये बटलर होते. गोऱ्या साहेबांची टेबले लावणाऱ्या या माणसाने रात्री दिवा लावून समाजाचे वर्तमानपत्र चालवले. १९२९ च्या ऑक्टोबरात पर्वतीचे देऊळ खुले करण्यासाठी सत्याग्रह झाला. त्यात शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज होते आणि एस. एम. जोशी, काकासाहेब गाडगीळ यांच्यासारखे सवर्ण तरुणही होते. त्यांच्यावर दगड पडले. टिळक रस्त्याने स्वारगेटकडे जाताना पर्वती समोर दिसते. आमच्या दाजींनी ती पाहून विचारले, "वर जायचं का?" आम्ही म्हटले, देवाचे आपल्याला काय काम, आधी बिर्याणी खाऊ.

देवळाचा प्रश्न धर्मांतराने आपल्यापुरता मिटला. हॉटेलचा प्रश्न मात्र राज्यघटनेने सोडवला, आणि तो कसा सोडवला हे हॉटेलात बसून मुलांना सांगितले तर त्यांच्या कायमचे लक्षात राहील. घटनेच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला तिथे मज्जाव करता येणार नाही. तळी, विहिरी, पाणवठे आणि रस्ते हेही त्यातच आले. जगातल्या मोठमोठ्या तत्त्वांच्या पुस्तकात बाबासाहेबांनी आणि घटनासमितीने हॉटेल लिहिले, कारण त्यांना ठाऊक होते की माणसाचा अपमान कुठे होतो. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या कलमावर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' या शब्दात काय काय येते असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी समजावून सांगितले की हा शब्द नुसत्या आत शिरण्यापुरता घेतलेला नाही, ठरलेला मोबदला दिला की सेवा मिळाली पाहिजे असा त्याचा व्यापक अर्थ आहे. म्हणजे आत येऊ दिले पण चहा बाहेरच्या कपात दिला, हे चालणार नाही. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही समितीने मंजूर केले. पुढे १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा आला. १९७६ साली त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. हॉटेलात अस्पृश्यता पाळली तर किमान एक महिना आणि जास्तीत जास्त सहा महिने कैद आणि दंड, अशी शिक्षा त्यात आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याहून कडक.

एवढे ऐकून झाल्यावर अक्का म्हणाली, "म्हंजे मी इथं बसावं म्हणून बाबानं लिहून ठेवलंय?" आम्ही म्हटले, होय, अगदी तसेच आहे. मग ती पंख्याखालच्या खुर्चीवर जाऊन बसली.

बिर्याणीचे सांगायचे राहिले. सदाशिव पेठ म्हणजे केवळ वरण-भात, हा समज टिळक रस्त्यावर एस. पी. कॉलेजच्या परिसरात गेले की मोडतो. तिथे एसपीज बिर्याणी हाऊस आहे. साजूक तुपातली मटण बिर्याणी खायला सुट्टीच्या दिवशी रांग लागते, आणि त्या रांगेत आडनावांची सगळी वर्णमाला उभी असते. रेणुका स्वरूप शाळेसमोर 'नागपूर' नावाचे मटणाचे छोटेसे हॉटेल आहे, तिथला झणझणीत रस्सा दाजींच्या मिरचीला भारी पडला. हे वाचून पेठेतले सोवळे बुडाले असे मात्र कोणी समजू नये. मांसाहाराचा आग्रह आम्ही धरत नाही. पौर्णिमेला आणि वर्षावासात आपली कितीतरी घरे शाकाहार पाळतात. ज्याने त्याने आपल्या पानावर काय घ्यावे ते ठरवावे. दुसऱ्याच्या पानात डोकावू नये इतकेच.

शाकाहारी सोवळ्याचीही एक मौज आहे. पेठेत उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी सगळीकडे मिळते आणि ती फार शुद्ध समजली जाते. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, हा कंद दक्षिण अमेरिकेतला. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिथला, मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हे सगळे आपल्याकडे आले. म्हणजे समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो म्हणणाऱ्यांच्या उपवासाच्या ताटातल्या या मुख्य वस्तू समुद्र ओलांडूनच आलेल्या आहेत. पावाचेही तसेच. शब्दच पोर्तुगीज. गिरणी कामगारांच्या मुंबईत बटाटावडा पावात बसला आणि कष्टकऱ्यांचे जेवण झाला. इटलीतल्या नेपल्स या बंदराच्या शहरात पिझ्झाही आधी असाच रस्त्यावर विकला जाणारा गरिबांचा घास होता, आता तो पेठेत डब्यात घालून मोटारसायकलने घरपोच येतो.

मिसळ खायची तर पेठेची हद्द थोडी ओलांडावी लागते. नारायण पेठेतले बेडेकर आणि तुळशीबागेतले श्रीकृष्ण भुवन ही दोन जुनी ठिकाणे. पुण्याची मिसळ कोल्हापुरीसारखी जाळ नसते, तिच्यात पोहे असतात आणि किंचित गोडसरपणा. दाजींचे मत आम्ही इथे छापत नाही. तुळशीबागेपासून मंडई दोन पावलांवर. ही भव्य दगडी मंडई १८८६ साली उघडली तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते. त्याआधी नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीरावांनी असल्या इमारतीवर पैसा उधळण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्चा म्हणून विरोध केला होता. त्याच मंडईला पुढे त्यांचेच नाव मिळाले. भाजी घेताना हे आठवले की कोथिंबिरीची जुडी हातात जरा वेगळी लागते.

मुलांना घेऊन गेलात तर निंबाळकर तालीम चौकात सुजाता मस्तानी आहे. दाट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. एका पेल्यात दोन लहान मुले सहज भागतात, तेव्हा माणशी एक मागवू नका. पेशव्यांच्या घराने जिला आपले मानले नाही, तिच्या नावाचा पेला हातात घेऊन आता अख्खी पेठ चौकात उभी असते. बाजीराव रस्त्यावरचे चितळे बंधू बाकरवडीसाठी सर्वांना ठाऊक आहेत. दुपारी एक ते चार दुकान बंद, यावर पुणेकरांनी जन्मभर विनोद केले. ती दुपारची सुट्टी २०१७ साली बंद झाली.

आता जे बघायला आम्ही मुख्यतः गेलो होतो ते. आजची सदाशिव पेठ पेन्शनरांची कमी आणि विद्यार्थ्यांची जास्त आहे. जुन्या वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, इमारतींत अभ्यासिका झाल्या, आणि लातूर, नांदेड, परभणी, बुलढाणा, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आलेली हजारो मुले-मुली इथे कॉट बेसिसवर राहतात. त्यात आपल्या समाजाची मुले पुष्कळ आहेत. शेतमजुराच्या, वीटभट्टीवरच्या, नाक्यावरच्या मजुराच्या घरातली. पोह्यांच्या गाड्या, वडापाव, अंडाभुर्जी, दहा जणांच्या घरगुती मेस हे सगळे त्यांच्यावर चालते. खोलीच्या मालकाने आडनाव विचारले आणि ते ऐकल्यावर "सकाळीच दुसऱ्याला दिली" असे सांगितले, हा अनुभव आमच्या भाच्याला तीन ठिकाणी आला. चौथ्या ठिकाणी त्याच्या मित्राने स्वतःच्या नावावर खोली घेतली. हॉटेलच्या मालकाला घटनेचे कलम दाखवता येते, खोलीवाला मात्र कारणच दुसरे सांगतो.

आणि स्वयंपाकघर तर त्याहून आत आहे. २०१७ साली पुण्यातल्या एका उच्चशिक्षित बाईंनी स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. गुन्हा काय, तर ती सोवळ्याची ब्राह्मण सुवासिनी म्हणून कामाला लागली आणि निघाली मराठा! तक्रार नोंदवून घेतली गेली, राज्यभर निषेध झाला आणि मग ती मागे घेतली गेली. जिथे मराठा बाईच्या हातचे चालत नाही, तिथे आपल्या पोरीला पोळ्या करायचे काम कोण देणार? वस्तीतल्या ज्या भगिनी डबे आणि पोळीभाजीचा व्यवसाय करू इच्छितात, त्यांना ही अडचण येतेच. पण विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये जात विचारत नाहीत, चव आणि दर विचारतात. आमच्या भगिनींनी तिकडे नजर टाकावी. भाच्याच्या मेसमध्ये भाकरी आठवड्यातून एकदाच मिळते आणि त्या दिवशी जागा मिळत नाही.

आम्ही पडलो हिशेबनीस, म्हणून खर्चाचेही थोडे पाहू. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. ती आखली तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये धरले होते, त्यात भोजन भत्ता ३२ हजार. भागाकार करा. महिन्याला २,६६६ रुपये, दिवसाला ८८ रुपयांच्या आत, वेळेला ४४. त्यात सदाशिव पेठेत नाश्ता धरून पोट भरत नाही. तरीही ज्यांची मुले महाविद्यालयात शिकत आहेत त्यांनी अर्ज जरूर करावा. समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी आणि भत्ता हाती पडेपर्यंत पोराला खानावळीचे आगाऊ पैसे पाठवण्याची तजवीज ठेवावी, कारण भत्ता यायला वेळ लागतो आणि भूक थांबत नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी बार्टीच्या प्रशिक्षणाकडे लक्ष ठेवावे. पैसे संपत आले की मुले रात्रीचे जेवण सोडतात आणि घरी फोनवर "जेवलो" म्हणून सांगतात. आईने जेवलास का असे विचारू नये. काय जेवलास असे विचारावे.

अक्काने तेच केले. खोलीवर गेल्या गेल्या तिने भाच्याच्या पिशवीतले बिस्किटाचे पुडे मोजले. मग आपल्या गाठोड्यातून ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, शेंगदाण्याचे कूट आणि एका अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात घट्ट बसवलेली सुकटीची चटणी काढली. भाचा डबा बघून गोंधळला. "आई, याचा वास येतो. मालक खोली सोडा म्हणतील." खोली नावाने मित्राची, त्यात हे. अक्का काही बोलली नाही. खोलीतला चौथा मुलगा अहिल्यानगरकडचा, आडनावाने कुलकर्णी, अभ्यास सोडून उठला आणि म्हणाला, "काकू, मला वाढा, मालकाचं मी बघतो." त्याने दोन भाकरी खाल्ल्या. खिडकी मात्र त्यानेच उघडली आणि पंखा पाचवर केला.

ज्यांना कुटुंबासह जायचे असेल त्यांनी स्वारगेटला उतरावे, टिळक रस्त्याने पायी अलका चौकापर्यंत यावे, तिथून पेरूगेट, निंबाळकर तालीम, बाजीराव रस्ता आणि शेवटी मंडई. दोन-अडीच तासांची वाट आहे. एका ठिकाणी पोटभर न खाता थोडे थोडे वाटून खाल्ले तर चार माणसांचा खर्च बेताचा राहतो. जेवणाची बोर्डिंगे ठरलेल्या वेळेतच वाढतात, तेव्हा दुपारचे लवकर गाठावे. रविवारी गर्दी फार. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर अमृततुल्यात बसायला बाक आहे की नाही ते आधी पाहावे, पुष्कळ ठिकाणी उभ्यानेच प्यावा लागतो.

रात्रीच्या गाडीने अक्का आणि दाजी परभणीला निघाले. रिकामा डबा गावाकडे परत पाठवायचा नाही, ही आपल्याकडची रीत. भाच्याने तो घासून आणला आणि चितळ्यांची बाकरवडी त्यात भरून दिली. तीन वेळा घासला होता म्हणे, पण झाकण उघडले की सुकट अजून ओळखू येत होती. गावात वाटताना अक्काने काय सांगितले ते आम्हाला कळले नाही. बाकरवडी संपली एवढे दाजींनी फोनवर कळवले.